अर्धा गल्ला : पिचर रूब फॉस्टर आणि त्याची लीग

शिकागोच्या दक्षिण भागात एकोणचाळिसावा रस्ता आणि वेंटवर्थ अव्हेन्यू जिथे मिळतात, तिथे एकेकाळी बेसबॉलचं एक जुनं मैदान होतं. 1910 पर्यंत तिथे शिकागो व्हाइट सॉक्स हा गोऱ्यांचा व्यावसायिक संघ खेळायचा. मग चार रस्ते पलीकडे त्यांचं पोलाद-काँक्रीटचं नवं मैदान उभं राहिलं आणि ते तिकडे गेले. पुढच्याच वर्षी त्या रिकाम्या जागेत शिकागो अमेरिकन जायंट्स हा कृष्णवर्णीयांचा संघ आला. त्याचा अर्ध्या वाट्याचा मालक, व्यवस्थापक आणि अधूनमधून पिचरही एकच माणूस होता : अँड्र्यू फॉस्टर. लोक त्याला ‘रूब’ म्हणत. सहा फुटांहून उंच, आडव्या बांध्याचा, तोंडात पाइप, आवाज खर्जातला. आणि शत्रू असो की मित्र, ज्याच्या-त्याच्याशी बोलताना टेक्सासच्या हेलात ‘डार्लिंग’ म्हणायची सवय. पैशांची घासाघीस करतानाही तो समोरच्याला ‘डार्लिंग’च म्हणायचा. अशा घासाघिशीत तो फारसा हरला नाही.

हात थकल्यावर संघाच्या कचेरीत जाऊन बसलेले पिचर अमेरिकेत बरेच आहेत. अल्बर्ट स्पाल्डिंग एकोणिसाव्या शतकातला नामांकित पिचर; तो शिकागो क्लबचा अध्यक्ष झाला आणि त्याच्या नावाचे चेंडू आजही विकले जातात. क्लार्क ग्रिफिथ वॉशिंग्टन संघाचा मालक झाला. आपल्या काळात नोलन रायन टेक्सास रेंजर्सचा अध्यक्ष झाला, आणि ख्रिस यंग हा पूर्वीचा पिचर कारभार पाहत असताना याच रेंजर्सनी 2023 ची वर्ल्ड सिरीज जिंकली. पण या साऱ्यांना मांडलेली खुर्ची मिळाली. फॉस्टरला खुर्ची नव्हती, कचेरी नव्हती, आणि ती जिच्यात असायची ती लीगही नव्हती. ते सगळं त्याने स्वतः उभं केलं. कसं केलं आणि ते कुठे कमी पडलं, हा आजचा विषय.

टेक्सासमधल्या गुलामांना मुक्ततेचा हुकूम 19 जून 1865 रोजी ऐकायला मिळाला. आठ वर्षांनी, 1873 मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशाही व्यक्त केली. पुण्यातून पाहणाऱ्याला ती मुक्तता आशेची वाटली यात नवल नाही. पण 17 सप्टेंबर 1879 रोजी टेक्सासमधल्या कॅल्व्हर्ट गावी जन्मलेल्या फॉस्टरच्या वाट्याला त्या मुक्ततेचा उत्तरार्ध आला. बेड्या गेल्या होत्या, दारं मात्र एकेक करून बंद होत होती. बेसबॉलचंही तेच झालं. मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू 1884 मध्ये टोलीडो संघाकडून वरच्या दर्जाच्या लीगमध्ये खेळला होता. 14 जुलै 1887 रोजी इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी करार करायचे नाहीत असा ठराव केला. त्याच दिवशी नेवार्कमध्ये शिकागोचा कर्णधार कॅप अॅन्सन याने जॉर्ज स्टोव्ही या कृष्णवर्णीय पिचरविरुद्ध खेळायला नकार दिला. पुढची साठ वर्षं मोठ्या लीगच्या नियमपुस्तकात या बंदीचा एक शब्दही नव्हता, आणि ती उघडपणे मोडायची हिंमतही कोणी केली नाही. पुढे न्यूयॉर्कचा प्रसिद्ध मॅनेजर झालेल्या जॉन मॅग्रॉने 1901 मध्ये चार्ली ग्रँट या कृष्णवर्णीय खेळाडूला चेरोकी आदिवासी ठरवून, नवं नाव देऊन संघात घुसवायचा प्रयत्न केला. बिंग फुटलं.

फॉस्टरचे वडील मेथडिस्ट चर्चमधले धर्मोपदेशक. मुलगा दम्याने त्रासलेला. आठवीनंतर त्याने शाळा सोडली आणि सतरा-अठराव्या वर्षी वेको गावच्या यलो जॅकेट्स संघातून पिचिंग करू लागला. 1902 मध्ये तो शिकागोला आला, तिथून पूर्वेकडे गेला. 1903 मध्ये क्यूबन एक्स-जायंट्स संघाने फिलाडेल्फिया जायंट्सना मालिकेत हरवलं. त्यातले चार विजय एकट्या फॉस्टरचे. दुसऱ्या वर्षी हरलेल्या संघाने त्यालाच आपल्याकडे ओढलं, आणि फॉस्टरने जुन्या संघाला हरवलं. एका सामन्यात त्याने अठरा बॅटर बाद केले.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या मंडळींनी पिचरला गोलंदाज म्हणायला हरकत नाही, पण फरक लक्षात ठेवायला हवा. पिचर धावत येत नाही, चेंडूला टप्पा नसतो. साठ फूट सहा इंचांवरून तो सरळ हवेतून फेकायचा. बॅटरचे तीन स्ट्राइक झाले, म्हणजे मारण्याजोगा चेंडू तीनदा हुकला, की तो बाद. पिचरचे चार चेंडू मारण्याच्या पट्ट्याबाहेर गेले (अशा चेंडूला ‘बॉल’ म्हणतात) की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर. फॉस्टरचा हुकमी चेंडू ‘फेडअवे’. उजव्या हाताच्या नेहमीच्या वळणाच्या उलट्या दिशेने वळणारा. मॅग्रॉने त्याला गुपचूप बोलावून आपल्या ख्रिस्टी मॅथ्यूसन या पिचरला हा चेंडू शिकवायला लावलं, अशी कथा आवडीने सांगितली जाते. मॅथ्यूसनने स्वतः श्रेय दुसऱ्याला दिलं आहे. कथा खरी नसावी, पण ती पसरली यावरून फॉस्टरचा दरारा कळतो.

दंतकथेपेक्षा जास्त मोलाचं असं त्याचं स्वतःचं लिखाण आपल्याकडे आहे. फिलाडेल्फिया जायंट्समधला त्याचा सहकारी सॉल व्हाइट याने 1907 मध्ये कृष्णवर्णीयांच्या बेसबॉलचा इतिहास लिहिला. त्यात पिचिंग कसं करावं यावर फॉस्टरचं एक प्रकरण आहे. तीनही बेस भरलेले, बॅटरवर दोन स्ट्राइक आणि तीन बॉल झालेले, म्हणजे पुढचा चेंडू चुकला तर धाव आंदणच, अशा वेळी काय करायचं? फॉस्टर सांगतो, घाबरू नका. मजेत आहोत, आपल्याला काही फिकीर नाही असं दाखवा. मी अशा वेळी कित्येकदा हसलो आहे. बॅटर त्याने बिचकतो. शिवाय त्याला सरळ, मारण्याजोगा चेंडू अपेक्षित असतो, तेव्हा नेमका वळणारा टाका. या चार-सहा वाक्यांत पुढचा कारभारी आधीच दिसतो. हाती पत्ते कमी असताना पुष्कळ आहेत असं भासवायचं, आणि समोरचा कशाची वाट पाहतोय ते ओळखून ते द्यायचं नाही. पुढची वीस वर्षं त्याने मालकांशी आणि एजंटांशी हेच केलं.

1907 मध्ये तो फ्रँक लेलंडच्या शिकागोतल्या लेलंड जायंट्स संघात मॅनेजर-खेळाडू म्हणून आला, येताना पूर्वेकडचे काही चांगले गडीही घेऊन आला. त्या मोसमात 110 विजय आणि 10 पराभव अशी नोंद सांगतात. त्यातले 48 विजय ओळीने. पण माझ्या मते त्या वर्षीची मोठी घटना मैदानाबाहेरची. सामने ठरवायचं काम फॉस्टरने लेलंडकडून आपल्या हाती घेतलं आणि समोरच्या संघांना बजावलं की तिकिटांचा अर्धा गल्ला आमचा.

ही मागणी मोठी का, हे समजायला त्या काळचा व्यवहार पाहायला हवा. कृष्णवर्णीय संघांकडे स्वतःची मैदानं जवळपास नव्हतीच. मैदान गोऱ्या मालकाचं, तारीख गोऱ्या एजंटाची. न्यूयॉर्कच्या भागात नॅट स्ट्राँग नावाच्या एजंटाच्या मर्जीशिवाय चांगला रविवार मिळत नसे. आणि रविवार म्हणजेच धंदा, कारण कामगारांना सुट्टी तेवढीच. संघाला बहुतेक वेळा ठरावीक रक्कम हातावर ठेवली जायची. प्रेक्षक दोनशे आले काय नि पाच हजार आले काय, खेळणाऱ्यांना तेवढेच. गर्दी ज्याच्या खेळासाठी जमली त्याला ती किती जमली याच्याशी देणंघेणं नाही, हा प्रकार फॉस्टरला खटकला. पिचर म्हणून त्याला पक्कं ठाऊक होतं की लोक पैसे टाकतात ते त्याच्यासाठी.

ऑक्टोबर 1909 मध्ये लेलंड जायंट्स आणि शिकागो कब्ज यांच्यात तीन सामने झाले. कब्ज म्हणजे गोऱ्यांच्या बेसबॉलचे 1907 आणि 1908 चे जगज्जेते. जायंट्स तिन्ही हरले, पण 4-1, 6-5 आणि 1-0 असे. मधला सामना चटका लावणारा. फॉस्टरचा पाय जुलैत मोडला होता, तरी तो पिचिंगला उतरला. शेवटच्या डावाच्या तोंडाशी 5-2 अशी आघाडी होती. ती घसरत बरोबरीवर आली. फॉस्टर खेळ थांबलाय असं समजून बोलणी करायला वळला आणि कब्जचा फ्रँक शुल्टी तिसऱ्या बेसवरून सरळ धावत होमवर आला. अंपायरने धाव दिली. लोक मैदानात घुसले, निकाल बदलला नाही. फॉस्टरने पुन्हा सामना मागितला, कब्जनी दिला नाही.

पुढच्या वर्षी लेलंडशी बिनसलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि गंमत अशी की ‘लेलंड जायंट्स’ हे नाव लेलंडला सोडून फॉस्टरलाच मिळालं. 1910 च्या त्या संघात जॉन हेन्री लॉइड, पीट हिल, ब्रूस पेटवे अशी माणसं होती. 123 विजय आणि 6 पराभव अशी त्याची नोंद सांगितली जाते. त्यातले बरेचसे सामने दुबळ्या हौशी संघांविरुद्धचे, हेही लक्षात ठेवावं. 1911 मध्ये जॉन शॉर्लिंग या गोऱ्या व्यावसायिकाबरोबर भागीदारी झाली. मैदान शॉर्लिंगचं, संघ फॉस्टरचा, उत्पन्न निम्मं-निम्मं. अमेरिकन जायंट्स स्वतंत्र पुलमन डब्यातून पार पश्चिम किनाऱ्यापर्यंत खेळायला जाऊ लागले. दक्षिणेतल्या स्टेशनांवर कृष्णवर्णीयांना वेगळ्या डब्यात कोंबलं जात होतं त्या काळात हा डबा गावात शिरला की माणसं नुसती तो पाहायला जमत.

मैदानावर फॉस्टरचा संघ कसा खेळे? पायांनी. लांब फटके मारणाऱ्यांपेक्षा त्याला पळणारे आवडत. त्याच्या सरावात जमिनीवर टोपी ठेवलेली असे आणि बॅटरने चेंडूला नुसतं टेकवून तो टोपीत घालायचा. या अलगद टेकवण्याला ‘बंट’ म्हणतात. बेसवर उभ्याउभ्या बाद होणाऱ्याला पाच डॉलर दंड. घसरत का गेला नाहीस, हा प्रश्न. जून 1921 मध्ये इंडियानापोलिसच्या संघाविरुद्ध जायंट्स 18-0 असे मागे होते. फॉस्टरने बंटचा सपाटा लावला, समोरच्या क्षेत्ररक्षकांची दाणादाण उडाली, मधे दोन मोठे फटकेही बसले, आणि आठव्या व नवव्या डावांत नऊ-नऊ धावा होऊन सामना 18-18 असा बरोबरीत सुटला.

आता 1919 कडे येऊ. दक्षिणेतून उत्तरेकडे माणसांचा लोंढा वाहत होता. शिकागोतली कृष्णवर्णीयांची वस्ती 1910 मध्ये सुमारे 44,000 होती, 1920 मध्ये ती 1,09,000 च्या वर गेली. कत्तलखान्यांत आणि पोलाद कारखान्यांत मजुरी मिळत होती, खिशात रविवारच्या तिकिटापुरते पैसे होते, ‘शिकागो डिफेंडर’सारखं आपलं वर्तमानपत्र होतं. आणि त्याच वर्षी जुलैत मिशिगन सरोवराच्या काठी युजीन विल्यम्स हा पोहणारा कृष्णवर्णीय मुलगा गोऱ्याच्या दगडफेकीत बुडाला. दंगल पेटली. 38 माणसं मेली, 23 कृष्णवर्णीय आणि 15 गोरे. त्या हिवाळ्यात फॉस्टरने ‘डिफेंडर’मध्ये लेखमाला लिहिली. मालक एकमेकांचे खेळाडू पळवतात, करार पाळत नाहीत, तारखांसाठी परक्यांच्या पाया पडतात, अशी त्याने आपल्याच माणसांची खरडपट्टी काढली. आपला बेसबॉल गोऱ्यांच्या ताब्यात जाऊ नये आणि खेळाडूला यातून इतर पेशांइतकी कमाई व्हावी, हे त्याचं म्हणणं.

13 फेब्रुवारी 1920 रोजी कॅन्सस सिटीत पासेओ रस्त्यावरच्या वायएमसीएत मालक जमले. चर्चा करायला बोलावलंय असं त्यांना वाटत होतं. फॉस्टरने लीगच्या नोंदणीचे कागद तयारच आणले होते. मग वर्तमानपत्रवाल्यांनी आणि वकिलांनी बसून घटना लिहून काढली. त्यांच्यात टोपेकाचा एलिशा स्कॉट होता. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या 1954 च्या ब्राऊन खटल्यात पुढे त्याची मुलं वकील म्हणून उभी राहिली. लीगचं नाव निग्रो नॅशनल लीग. आठ संघ, प्रत्येकाची 500 डॉलर अनामत. आठांपैकी एकच मालक गोरा, कॅन्सस सिटी मोनार्क्सचा जे. एल. विल्किन्सन. फॉस्टरला आधी तो नको होता, पण त्याच्या हाती मैदान होतं आणि व्यवहारात माणूस सचोटीचा होता. फॉस्टरने तत्त्वाला मुरड घातली. पहिला सामना 2 मे रोजी इंडियानापोलिसला झाला.

अध्यक्ष म्हणून फॉस्टरने पगार घेतला नाही. सामने ठरवून देण्याबद्दल मात्र तो प्रत्येक गल्ल्यातून टक्केवारी घ्यायचा, सर्वसाधारणपणे पाच टक्के. त्यातून लीग चाले. एखादा संघ परगावी पैशाअभावी अडकला तर रेल्वेचं भाडं हाच पाठवी. संघ तुल्यबळ व्हावेत म्हणून त्याने आपले खेळाडू सोडले : ऑस्कर चार्ल्सटन, ज्याला पुष्कळ जण त्या काळचा सर्वोत्तम खेळाडू मानतात, तो 1920 मध्ये इंडियानापोलिसला परत गेला. 1923 मध्ये त्याने कृष्णवर्णीय अंपायर नेमले.

आणि तरीही पहिली तीन विजेतेपदं, 1920, 1921 आणि 1922 ची, शिकागो अमेरिकन जायंट्सचीच! चडफडणारे चडफडले. लीगचा अध्यक्ष, एका संघाचा मालक, त्याचा मॅनेजर आणि सगळ्यांच्या तारखा ठरवणारा एजंट, सगळं एकच माणूस. सोयीचे रविवार आपल्याच मैदानाला ठेवतो, ही तक्रार वारंवार झाली. ती निराधार म्हणता येत नाही. फॉस्टरचा बचाव असा की दुसरं कोण करणार होतं? प्रश्न खरा होता. पण दुसरं कोणी तयार होईल अशी तजवीज त्यानेही केली नाही. लीगचा व्यवहार बराचसा त्याच्या डोक्यात होता, आणि शॉर्लिंगशी असलेली भागीदारीही तोंडी विश्वासावर चालली होती असं सांगतात.

पूर्वेकडे एड बोल्डन या टपाल कर्मचाऱ्याने 1923 मध्ये ईस्टर्न कलर्ड लीग काढली आणि जास्त पगार देऊन फॉस्टरचे खेळाडू फोडले. वर्षभर शिवीगाळ झाल्यावर दोघे शहाणे झाले आणि 1924 मध्ये दोन्ही लीगच्या विजेत्यांची पहिली वर्ल्ड सिरीज झाली. मोनार्क्स विरुद्ध बोल्डनचा हिलडेल, दहा सामने, मोनार्क्सचे पाच विजय, हिलडेलचे चार, एक बरोबरीत. शेवटचा सामना शिकागोत फॉस्टरच्या मैदानावर झाला. तिशी सरत आलेला क्यूबाचा होसे मेंडेस मोनार्क्सचा मॅनेजर होता. तो स्वतः पिचिंगला उतरला आणि 5-0 ने जिंकला.

मे 1925 मध्ये इंडियानापोलिसच्या एका खाणावळ-बिऱ्हाडात गॅसची नळी गळत होती. फॉस्टर बेशुद्ध सापडला. तो वाचला, पण पुढच्या वर्षी वागणं बिघडलं, भास होऊ लागले. गॅसमुळे की कामाच्या ओझ्याने, यावर आज निकाल देण्यात अर्थ नाही. 1926 मध्ये त्याला कॅन्ककीच्या सरकारी मनोरुग्णालयात ठेवलं गेलं. त्याच मोसमाच्या शेवटच्या दिवशी विजेतेपदासाठी मोनार्क्सविरुद्ध दोन सामने जिंकणं भाग होतं. त्याचा सावत्र भाऊ विली फॉस्टर, डावखुरा, वय बावीस, याने एकाच दिवशी दोन्ही सामने टाकले आणि एकही धाव न देता 1-0 आणि 5-0 ने जिंकले. रूबने आधी विलीला संघात घ्यायचं नाकारलं होतं, मग त्याचं नाव झाल्यावर अध्यक्षपदाचा जोर लावून मेम्फिसहून आणवलं होतं. भावांचं फारसं पटत नसे. विजयाच्या वेळी रूब कॅन्ककीत होता. तिथेच 9 डिसेंबर 1930 रोजी तो गेला. शिकागोतल्या अंत्ययात्रेला थंडीत हजारो लोक लोटले. पुढच्याच वर्षी लीग बंद पडली.

त्याच नावाची दुसरी लीग 1933 मध्ये पिट्सबर्गच्या गस ग्रीनलीने काढली आणि ती बरीच वर्षं चालली. पण फॉस्टरचा बेत निराळा होता. आपल्या लीगचा विजेता एक दिवस गोऱ्यांच्या विजेत्याशी खेळेल, आणि दारं उघडतील तेव्हा संपूर्ण संघच आत जातील, मालक, मॅनेजर, हिशेबनीस सगळ्यांसकट. प्रत्यक्षात 1945 मध्ये ब्रुकलिन डॉजर्सच्या ब्रांच रिकीने मोनार्क्सच्या जॅकी रॉबिन्सनशी करार केला आणि विल्किन्सनला एक डॉलरही दिला नाही. 15 एप्रिल 1947 रोजी रॉबिन्सन मैदानात उतरला; तो दिवस मोठा, त्याबद्दल दुमत नाही. पण दारातून आत गेले ते खेळाडू. प्रेक्षक त्यांच्यामागोमाग गेले, आणि कृष्णवर्णीय मालक, मॅनेजर, अंपायर मागे राहिले. अर्धा गल्ला मागण्याजोगं त्यांच्याकडे काही उरलं नाही.

1981 मध्ये फॉस्टरचं नाव हॉल ऑफ फेममध्ये गेलं, ते कारभारी म्हणून. डिसेंबर 2020 मध्ये मेजर लीग बेसबॉलने 1920 ते 1948 मधल्या या लीगना आपल्याच दर्जाचं मानलं. 2024 मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत मिसळले आणि या लीगमधल्या जॉश गिब्सनची .372 ही बॅटिंगची सरासरी मेजर लीगच्या टाय कॉबच्या वर गेली. फॉस्टरची पिचिंगची भरातली वर्षं 1902 ते 1910 ची, म्हणजे त्याची स्वतःची लीग निघण्याआधीची. त्यामुळे त्याचे ते विजय या हिशेबात धरलेले नाहीत. कचेरीतल्या खुर्चीचं म्हणाल तर मेजर लीगला पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर 1975 मध्ये मिळाला, क्लीव्हलंडचा फ्रँक रॉबिन्सन. 1976 मध्ये अटलांटा ब्रेव्हजने बिल लुकसला जनरल मॅनेजरचं काम दिलं, हुद्दा दिला नाही. हुद्द्यासकट पहिली नेमणूक बॉब वॉटसनची, ह्यूस्टनमध्ये, 1993 साली; तीन वर्षांनी न्यूयॉर्क यँकीजचा जनरल मॅनेजर म्हणून त्याने वर्ल्ड सिरीज जिंकली.